गिनी पिगसाठी घरी वाळवलेलं मारवेल: आतापर्यंत कुठवर आलंय

मंडळी, टिमथीला, म्हणजे गिनी पिगना घालतात त्या इम्पोर्टेड वाळल्या गवताला, पर्याय शोधायचं जे चाललंय त्याचा अपडेट देते. माझ्या चकली आणि शेव ह्या दोन्ही गिनी पिग आता निम्मं टिमथी आणि निम्मं मारवेल (आपल्याकडचं चाऱ्याचं गवत) खातायत, वजन जागेवर आहे, लेंड्या मोठ्या, एकसारख्या, नीट. टिमथी पूर्ण बंद करायचा विचार नाहीये, पण इम्पोर्टेड पाकिटाचा भाव आणि स्टॉक संपला की होणारी पळापळ यातून थोडी तरी सुटका हवीच होती.

नवीन लोकांसाठी एकदाच सांगते. गिनी पिगचे सगळे दात, पुढचे पण आणि दाढा पण, आयुष्यभर वाढत राहतात आणि दाढा झिजतात त्या गवत घासून घासून चावल्यामुळे, पेलेटचा, म्हणजे पाकिटातल्या तयार खाद्याच्या गोळ्यांचा, तर दोन चावांत चुरा होतो. त्यामुळे गवत चोवीस तास समोर पाहिजे, पेलेट म्हणजे फक्त तोंडी लावणं. आणि दुकानदार म्हणतो म्हणून मोठ्या गिनी पिगला रोज लसूणघास देऊ नका, पाकिटावर अल्फाल्फा लिहिलेलं असतं ते हेच. त्यात कॅल्शियम टिमथीच्या दुपटीहून जास्त असतं, मूतखड्याचं दुखणं मागे लागतं. पिल्लांना आणि गाभण मादीला चालतं. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक, खायला त्यात काही दम नाही. हिरवी कोवळी ज्वारी तर अजिबात नको, जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती यानेच.

मग आपलं डोंगरी गवत का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. त्याचं खरं दुखणं वेळेचं आहे. गवतात कस असतो तो फुलोरा येईपर्यंत, बी धरलं की काडी लाकडासारखी होते आणि प्रोटीन उतरतं. आपल्याकडे रानातलं गवत फुलोऱ्यात येतं तेव्हा पाऊस चालू असतो, कापलं तरी वाळवणार कुठे, म्हणून शेतकरी पाऊस पूर्ण उघडल्यावर, दसरा-दिवाळीच्या पुढेमागे कापतात. तोवर ते उभ्या उभ्याच पिवळं पडलेलं असतं, वर कुसळं. म्हशीला चालून जातं हो, पण कुसळ गिनी पिगच्या हिरडीत किंवा डोळ्यात शिरलं की थेट डॉक्टर. म्हणजे गवताची जात वाईट नाही, कापणी उशिरा होते एवढंच.

यावरूनच बागायती मारवेलकडे वळले. पाणी असलं की त्याच्या वर्षात बऱ्याच कापण्या होतात, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने सुधारित वाण पण काढलेत, त्यामुळे हिवाळ्यात, कोरड्या हवेत, ऐन फुलोऱ्यातलं गवत मिळू शकतं. आमच्याकडे गावाबाहेर एक गोठेवाले काका लावतात. त्यांना म्हटलं काका, फवारणी न केलेल्या तुकड्यातलं द्या आणि तुरे नुकते बाहेर पडलेत तेव्हाच कापा, तर म्हणाले, "ताई, एवढी पारख तर माझी गाय पण करत नाही, कोणाला घालताय?" फोटो दाखवला. "उंदराला वैरण!" म्हणून बायकोला हाक मारून बोलावलं त्यांनी. पण दिलं चांगलं, आता फोन करून विचारतात कधी येताय म्हणून.

वाळवायचं कसं ते नीट लिहिते, सगळा खेळ तिथेच आहे. हिरव्या गवतात पाऊण हिस्सा किंवा जास्तच पाणी असतं, ५ किलो आणलं तर हातात सव्वा-दीड किलो उरतं हे धरूनच चाला. गच्चीवर जुन्या चादरीवर पातळ पसरायचं, पहिला दिवस ऊन, दिवसातून तीन-चारदा खालीवर करायचं, मग सावलीत वाऱ्याला, कारण उन्हात जास्त ठेवलं की रंग उडतो आणि पानं खडखडीत होऊन झडतात, आणि ह्या दोघी पानांवरच आधी तुटून पडतात. रात्री दवाच्या आधी आत. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. तरी गाठीत ओल राहतेच, म्हणून मी मिठाची टेस्ट करते. मीठ तव्यावर गरम करून कोरडं करायचं, गार झालं की काचेच्या बरणीत कात्रीने बारीक केलेल्या मूठभर गवताबरोबर घालून हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ मोकळं राहिलं तर भरा, काचेला चिकटलं किंवा गुठळी झाली तर परत चादरीवर. ओल १५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी ठरलेली.

निवडणं कंटाळवाणं आहे पण सोडू नका. पांढऱ्या चादरीवर मूठ मूठ उलगडून बघते, तण निघतंच, त्यात गाजर गवत, म्हणजे आपलं काँग्रेस, पहिलं बाहेर. झटकल्यावर धूळ उडाली तर ती पेंडी खायला नाही. रस्त्याकडेचं गवत फुकट मिळालं तरी नको, कुत्री आणि गाड्यांचा धूर. गणपतीतल्या बाजारच्या दूर्वांच्या जुड्या पण नको, पाणी मारून मारून आतून कुजलेल्या असतात. घरच्या कुंडीतली हरळी मात्र खुशाल द्या.

देताना पहिल्यांदा टिमथीत चिमूटभर मिसळलं, मग हळूहळू वाढवलं. चकलीने लगेच घेतलं. शेव काडीचं टोक धरून ओढायची, मधे थांबून वास घ्यायची, टाकून द्यायची, आणि पाच मिनिटांनी तीच काडी शेंड्यापासून खायला बसायची. काड्या लांबच ठेवा, बारीक कापल्या की नुसत्या तुडवल्या जातात. रोज किचनच्या काट्यावर वजन घेते, मिसळण बदलत असताना आठवड्यातून एकदा पुरत नाही. कोणी अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, सरळ डॉक्टर. आणि वाळल्या गवतात क जीवनसत्त्व फारसं उरत नाही, तेव्हा सिमला मिरची आणि कोथिंबीर आहे तशीच चालू.

हॅमस्टरवाल्यांनो, तुमच्या पोरांना हे जेवण म्हणून नकोय, पण बेडिंगच्या मधे थर दिला तर बिळं ढासळत नाहीत. जाड टोकदार काड्या मात्र काढा, गालाच्या पिशवीत टोचतात.

साठा सध्या उशीच्या सुती अभ्र्यात, जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतं. पावसाळ्यात कितपत टिकेल याची मलाच धाकधूक आहे, म्हणून जूनच्या आधी परत एकदा चादरीवर घालून मिठाची टेस्ट करणार आणि जेवढं पास होईल तेवढंच ठेवणार, बाकी काकांच्या गायीला. कोकणातल्या कोणी वाळवायचा प्रयत्न केला असेल तर लिहा, तुमच्या दमट हवेत काडी कट्कन मोडायला किती वेळ लागतो ते बघायचंय.