पात्राचा पत्ता आणि प्रकाशकाचा

डिसेंबर लागला की बेळगावच्या आसपास साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत तोवर सुगीची धांदल ओसरलेली असते. सकाळी ग्रंथदिंडी निघते, मांडवात उद्घाटनाची भाषणे ठरल्यापेक्षा लांबतात, दुपारी सारे गाव स्नेहभोजनाला बसते आणि मग कथाकथन व कविसंमेलन रंगते. मांडवाबाहेर पुस्तकांच्या टेबलांपाशी उभ्या असलेल्या लेखकाला अशा वेळी एखादा तरुण हटकून गाठतो आणि विचारतो, "सर, माझ्या कथांचं पुस्तक काढायचं आहे. प्रकाशक कसा मिळतो?" पुष्कळदा हस्तलिखित त्याच्या पिशवीतच असते. प्रश्न रास्त आहे. कथेतली माणसे खरी कशी वाटावीत, हा प्रश्न मात्र त्या टेबलापाशी कुणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि मला तर असे वाटते की पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

आपल्याकडचा नवा लेखक लिहायला बसतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सुमारे ३४० किलोमीटरवरच्या पुण्यातला एक काल्पनिक प्रकाशक बसलेला असतो. त्या प्रकाशकाला काय आवडेल याचा अंदाज बांधत तो पात्रे घडवतो, आणि मग दोन प्रकारची माणसे तयार होतात. पहिला प्रकार सदाशिव पेठेत शिकल्यासारखे बोलणाऱ्या खानापूरच्या शेतकऱ्याचा. दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण तो आपल्या जिव्हाळ्याच्या जागी हात घालतो. सीमाभागातला माणूस म्हटला की त्याच्या हाती भगवा ध्वज आणि तोंडी घोषणा द्यायची, म्हणजे पात्र उभे राहिले, अशी ही समजूत. ध्वज खोटा नाही, घोषणाही खोटी नाही. १९४६ साली याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि दहाच वर्षांनी बेळगाव म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेले. ही सल इथल्या तीन पिढ्यांच्या अंगात आहे. पण त्याच्या निषेधासाठी १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालणारा माणूस त्याच आठवड्यात शेजारच्या कन्नड मास्तरांकडून रेशन कार्डाचा अर्ज भरून घेतो, मास्तरांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहतो आणि रात्री घरी येऊन उसाचे बिल कधी जमा होणार याची काळजी करतो. त्याच्या आयुष्यातला घोषणेचा वेळ मोजला तर वर्षाकाठी काही तास भरेल. कथा लिहायची ती उरलेल्या वेळाची.

या उरलेल्या वेळात माणूस दिसतो तो मुख्यतः त्याच्या कामात. निपाणीच्या एखाद्या गल्लीत बिड्या वळणाऱ्या बाईजवळ तासभर बसून पाहावे. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केलेली तेंदूची पाने. पान कातरीने मापात कापायचे, चिमटीने जर्दा पसरायचा, वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. हे सारे चालू असताना तिची नजर हातांवर नसतेच, ती रस्त्यावर असते. कोण कुठे गेले, कुणाकडे पाहुणे आले, हे तिला सगळे ठाऊक असते. ती बोलते, आणि मधेच थांबते. ऐकणाऱ्याला वाटावे की तिला काही आठवले, किंवा भरून आले. तसे काही नसते. पंचवीस बिड्या झाल्या की बंडल बांधायचे असते, मजुरी हजारावर मिळते, आणि मोजणी चुकली तर नुकसान तिचे. म्हणून तिचे बोलणे मोजणीच्या बाजूबाजूने चालते. एखादे दुःख सांगतानासुद्धा ती पंचविसाव्या बिडीला थांबेल, बंडल बांधून बाजूला ठेवील आणि तुटलेले वाक्य तिथूनच पुढे उचलील. हे थांबणे ज्या लेखकाच्या कानाने टिपले, त्याला तिच्या डोळ्यांतले पाणी वर्णन करण्याची गरज पडत नाही. पाणीदार डोळे, सावळा वर्ण, कपाळावर आठ्यांचे जाळे हा मजकूर मी वाचताना सरळ ओलांडतो. त्यावरून कुणी कधी कुणाला ओळखलेले नाही.

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातल्या मागवाल्यांची गोष्ट याच जातीची. दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस घरी आला तरी मोठ्यानेच बोलतो, आणि नवीन सुनेला वाटते की सासरे रागावले आहेत. या एका गैरसमजावर एक आख्खी कथा उभी राहू शकते. तीत सासऱ्यांच्या स्वभावाचे वर्णन एक ओळही लागणार नाही.

निपाणीचे महादेव मोरे यांचे उदाहरण आमच्या भागात वारंवार दिले जाते आणि ते योग्यच आहे. पिठाची गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर लिहिले, आणि गॅरेजमधली पोरे, ड्रायव्हर, तंबाखूच्या वखारीतल्या बाया ही माणसे त्यांनी मराठी कथेत आणली. गिरणीत दळण घेऊन येणारा माणूस लेखकासमोर म्हणून येत नाही, तो गिरणीवाल्यासमोर येतो, आणि त्यामुळे तो सावरून बोलत नाही. वही-पेन घेऊन माणसांकडे जाणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. आपण लिहितो हे कळले की समोरचा माणूस शाळेतल्या पाठासारखे बोलू लागतो, एरवी "काय लिहूलायस गा?" म्हणून खांद्यावर हात टाकणारा मित्रसुद्धा.

पात्र खरे उतरले की नाही, हे तपासण्याची एक सोय सीमाभागात जितकी आहे तितकी पुण्या-मुंबईत नाही, आणि ती म्हणजे गावच्या संमेलनातले कथाकथन. समोरच्या मांडवात शेतकरी, गवंडी, फाउंड्रीतले कामगार, अंगणवाडीच्या बाई, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार अशी माणसे बसलेली असतात. एका कथाकाराचा नायक आषाढाचे ढग भरून आले असताना भाताची कापणी करू लागला, तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. कुणी काही बोलले नाही. शेवटी टाळ्याही वाजल्या, कारण पाहुण्याचा मान राखायचा असतो. पण त्या क्षणापासून नायकाच्या प्रेमावर, कर्जावर आणि अखेरच्या मरणावरही मांडवातल्या कुणाचा विश्वास राहिला नव्हता. असा श्रोता फुकट मिळतो. पुस्तक छापण्यापूर्वी आपली प्रत्येक कथा त्याच्यासमोर एकदा मोठ्याने वाचावी, टाळ्यांकडे दुर्लक्ष करावे आणि लोक कुठे हलले, कुठे शेजाऱ्याशी कुजबुजले, तेवढे समासात लिहून ठेवावे.

आता प्रकाशक. त्याचा शोध पत्त्यांच्या यादीपासून सुरू करू नये, आपल्या कपाटापासून किंवा वाचनालयापासून करावा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे; तिथल्या कथासंग्रहांची आतली पाने उलटली, तरी कोणती संस्था कोणत्या प्रकारची पुस्तके काढते, ग्रामीण कथेला कोण जागा देते, अनुवादाकडे कोण वळले आहे, हे दोन-तीन दुपारींत उमगते. ज्या प्रकाशकाच्या यादीत आपल्या बिडीवालीच्या शेजारी बसू शकेल असे एखादे पुस्तक आहे, त्याच्याकडे आधी जावे. पाकशास्त्र आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके काढणाऱ्याने आपला कथासंग्रह नाकारला तर त्यात कथेचा काहीच दोष नसतो.

त्याहून जुना आणि अजूनही उत्तम मार्ग दिवाळी अंकांचा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतले कितीतरी लेखक प्रथम दिवाळी अंकातून वाचकांपुढे आले आणि नंतर पुस्तकात गेले. कथा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवावी, कारण गणपतीच्या सुमारास बहुतेक संपादकांची पाने भरत आलेली असतात. चार-पाच कथा चांगल्या अंकांतून आल्या की प्रकाशकाला लिहिण्याच्या पत्रात सांगण्याजोगे काहीतरी असते. हे पत्र लहान असावे: पुस्तक कशाविषयी आहे, किती पानांचे आहे, पूर्वी काय कुठे छापून आले. सोबत युनिकोडमध्ये टंकलेली दोन कथांची फाइल जोडावी, आणि आपण कोणत्या पुरस्कारांस पात्र आहोत हे कळवू नये. नंतर थांबावे. महिने जातात. मग कधी 'साभार परत' येते, कधी काहीच येत नाही, आणि काहीच न येणे हे अधिक जिव्हारी लागते. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडेपर्यंत त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथेतली कच्ची जागा दाखवणारी पत्रे लिहीत असत. तशी पत्रे आता क्वचित येतात, आणि आलेच तर तो नकारही जपून ठेवण्यासारखा असतो.

या वाट पाहण्याला कंटाळूनच बरेच जण स्वखर्चाची वाट धरतात. ही वाट लाजिरवाणी नाही. मराठीतल्या अनेक पहिल्या कवितासंग्रहांनी कवीच्याच खिशातून छापखाना गाठलेला आहे. फक्त तिला तिच्या नावाने ओळखावे. १६ पानांचा एक फर्मा धरला तर १६० पानांच्या पुस्तकाचे १० फर्मे होतात. कागद, छपाई, मुखपृष्ठ आणि बांधणी यांचा दर गावातल्या दोन छापखान्यांत विचारला की कुणी सांगितलेला 'प्रकाशन खर्च' वाजवी आहे की नाही, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. पुस्तकाच्या ओळखीचा आयएसबीएन क्रमांक दिल्लीतील राजा राममोहन राय संस्थेमार्फत विनामूल्य मिळतो, तेव्हा खर्चाच्या यादीत त्याच्या नावाने रक्कम लिहिलेली दिसली तर जरूर विचारणा करावी. जो लेखकाकडून पैसे घेतो, प्रती लेखकाच्या घरी पोहोचवतो आणि विक्रीचे नाव काढत नाही, तो मुद्रक होय, मग त्याच्या फलकावर काहीही लिहिलेले असो. अशा पाचशे प्रती पलंगाखाली वर्षानुवर्षे राहतात आणि घरच्या मंडळींना झाडू फिरवताना आडव्या येतात. स्वखर्च टाळायचा असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून घ्याव्यात.

कराराविषयी मात्र आपल्याकडे विलक्षण संकोच आहे. प्रकाशक होकार देतो, लेखक भारावतो, आणि कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे त्याला वाटू लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला असे वाटत नाही. हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी सोपवावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते, आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेले नसेल तर भारतापुरते समजले जाते. कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो, म्हणजे आज केलेली सही आपल्या नातवंडांना वाचावी लागणार आहे. किती प्रती, किती टक्के मानधन, हिशेब वर्षातून केव्हा, आणि कन्नड अनुवादाचे हक्क कुणाकडे, एवढे तरी कागदावर असावे. अनुवादाचे कलम इथल्या लेखकाने विशेष जपावे, कारण त्याच्या पुस्तकाचा दुसरा वाचक बहुधा शेजारच्याच गल्लीत राहतो.

पुस्तक स्वीकारले गेल्यावर संपादकाशी पहिली चकमक उडते ती संवादांवरून. आमच्याकडची क्रियापदे त्यांना छपाईतल्या चुका वाटतात. कुणी ती प्रमाण करून पाठवतो, तर कुणी उलट सुचवतो की वाक्यागणिक एखादा कन्नड शब्द पेरा, म्हणजे रंगत येईल. दोघांनाही नम्रपणे नाही म्हणावे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद माणसाच्या तोंडचे, एवढा समझोता बहुतेक संपादक मान्य करतात, आणि पात्र घट्ट उभे असेल तर वाचक अनोळखी क्रियापदाला अडत नाही. ज्या जागी संपादकाला अर्थच लागत नाही, ती जागा मात्र भाषेचा अभिमान बाजूला ठेवून पुन्हा पाहावी. अनेकदा तिथे बोलीचा काही संबंध नसतो, पात्रच ढिले पडलेले असते.

मग पुस्तक येते आणि त्याच संमेलनाच्या मांडवाबाहेर त्याच टेबलावर विक्रीला लागते, आणि गाव आपापल्या माणसांना त्यात शोधू लागते. तीन-चार जणींचे मिळून घडवलेले पात्र असेल तर प्रत्येक घराला ती आपलीच काकू वाटते आणि सगळे खूश असतात. एकाच माणसावरून उचललेले पात्र असेल तर अवघड होते, विशेषतः त्याने कर्ज बुडवले असेल किंवा वाटणीत भावाला फसवले असेल. त्यात आमच्याकडची निम्मी आडनावे गावावरूनच पडलेली. मण्णूरकर, उचगावकर असे लिहिले की पात्राचे गाव आणि बसथांबासुद्धा वाचकाला कळून चुकतो. म्हणून नावे बदलायची ती हस्तलिखित पाठवण्यापूर्वीच बदलावीत. मुद्रितशोधनाच्या वेळी घाईने बदलली तर कुठल्या तरी पानावर एखादे जुने नाव तसेच राहून जाते, आणि गावाला नेमके तेच पान सापडते.