मधात कडी लावा

म्हातारा बसून झोपतो, हे मला सुनेनं सांगितलं. “मामाजी रातभर कापसाच्या गंजीले टेकून बसून रायते. आडवं झालं का जीव गुदमरते म्हनते.”

पांढरकवड्याच्या अलीकडे माझा दवाखाना. डिसेंबरात वेचणी जोरात असते, आणि निम्मी ओपीडी खोकल्या-दम्याची. भाव वाढेल या आशेनं कापूस आढ्यापर्यंत भरून ठेवायचा आणि त्याच खोलीत झोपायचं, हे इथं घरोघरी. धुळीनं दम लागत असेल असं धरून मी बाबाजींना दोनदा पंप लिहून दिला होता. तपासलं होतं ते फक्त पाठीवरून. हे लिहिताना अजूनही अवघडतो.

त्या दिवशी स्टेथोस्कोप डाव्या छातीखाली ठेवला. लब-डबचा पहिला ‘लब’ ऐकूच येईना. त्याच्या जागी एक लांब फुसकारा, थेट काखेपर्यंत जाणारा. पायावर बोट दाबलं तर खड्डा. ईसीजीत जुन्या हार्ट अटॅकच्या खुणा. कधी आला होता? “पित्त झालं होतं एकडाव,” बाबाजी म्हणाले.

यवतमाळला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाच्या डावीकडच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेतून मोठी गळती, हृदयाचं पंपिंग तीस टक्के. छाती उघडून ऑपरेशन या हृदयाला झेपणार नाही, असं नागपूरच्या सर्जननं स्पष्ट सांगितलं.

बाबाजींना मी दाराचं उदाहरण दिलं. दोन फळ्यांचं दार आहे, फळ्या चांगल्या आहेत. पण अटॅकनंतर हृदय फुगलं, चौकट फाकली, आता फळ्या मिळत नाहीत. रक्त पुढे जायचं ते फटीतून मागे, फुप्फुसाकडे येतं.

ते क्षणभर थांबले. “मंग मधात कडी लावा ना!”

मी बघतच राहिलो. १९९१ साली इटलीत अल्फिएरी नावाच्या सर्जननं हेच केलं होतं: झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध टाक्यानं जोडल्या. आता त्यासाठी छोटी क्लिप मिळते. क्लिप म्हणजे तीच कडी, फक्त छाती न उघडता जांघेतल्या शिरेतून नेऊन लावायची.

पण लगेच नाही. २०१८ मध्ये यावर दोन अभ्यास आले. अमेरिका-कॅनडातल्या ६१४ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांत नुसत्या औषधांवरचे ४६ टक्के रुग्ण दगावले, क्लिप लावलेल्यांपैकी २९ टक्के. फ्रान्सच्या अभ्यासात मात्र काहीच फायदा दिसला नाही. रुग्ण निवडण्यातच मेख आहे. म्हणून आधी तीन महिने पेशाबाची गोळी आणि बाकीची औषधं पूर्ण डोसपर्यंत नेली. सूज उतरली, पण गळती आणि दम तसाच.

खर्चाचं सांगायलाच हवं. बाबाजींचं तीन एकर कोरडवाहू विकूनही ती क्लिप आली नसती. मुलगा वणीकडं कोळसा खाणीत कायम नोकरीला, म्हणून जमलं. तो नसता तर मी ‘क्लिप’ हा शब्दच तोंडातून काढला नसता.

मार्चमध्ये उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, दीडशे किलोमीटरवर नागपूरला गेलो. काचेपलीकडून बघायची परवानगी मिळाली. बाबाजींना पूर्ण भूल, अन्ननलिकेत इकोची नळी. जांघेतून गेलेली आठ मिलिमीटर जाडीची नळी हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा भेदून डावीकडं आली. हृदय आपलं चालूच. स्क्रीनवर दर ठोक्याला गळतीचा रंगीबेरंगी झोत मागं उसळत होता.

क्लिपचे हात उघडले, झडपेखाली उतरले, वर आले. एक पाकळी सापडली, दुसरी निसटली. पुन्हा तेच. माझेच हात घामेजले. तिसऱ्यांदा दोन्ही सापडल्या आणि झोत एकदम सुतासारखा झाला.

मी उठायच्या बेतात होतो, पण आत कुणी हललं नाही. कडी फार आवळली तर रक्ताला पुढं जायलाच वाट राहत नाही. झडपेच्या अलीकडचा-पलीकडचा दाब तपासला. सरासरी फरक पाऱ्याच्या मापानं तीन मिलिमीटर. पाचच्या आत आहे म्हटल्यावर क्लिप सोडली. तोपर्यंत ती उघडून पुन्हा धरता येते; एकदा सोडली की संपलं. मधे कडी, दोन बाजूंना दोन वाटा, चष्म्याच्या काचांसारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेलो तर बाबाजी एका उशीवर उताणे, तोंड उघडं टाकून घोरत होते. सून दारात उभी. “उठवू नका,” ती म्हणाली, “लय दिसानं निजले.” फुसकारा ऐकायचा राहिला. पुढच्या खेपेला ऐकला. होता, पण कान देऊन शोधावा लागला.

सोमवारी ओपीडीत एका बाईंचा इको आला. तशीच फाकलेली चौकट, तेवढीच गळती. मुलगा रोजमजुरीवर जातो. मी गोळ्या लिहिल्या, मीठ तोडायला सांगितलं. “अजून काही नसते का, सायेब?” त्यानं विचारलं.

रोज सकाळी आईचं वजन करून लिहून ठेव, म्हणालो. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी घेऊन ये. घरी काटा आहे का?

“कापूस मोजाचा आहे,” तो म्हणाला.