बाटलीतला मासा आणि आतली चिठ्ठी

प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाकडे संग्रहालयाची किल्ली आली की संशोधन आणि राखणदारी वेगळी राहत नाही. गोदावरीतला मासा आला, तर आधी उजव्या बाजूच्या स्नायूचा तांदळाएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, ठेवा. एकदा फॉर्मेलिन (नमुना सडू न देणारं फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) लागलं की डीएनए धड मिळत नाही. डावी बाजू अखंड हवी, खवले मोजायला तीच लागते. मग पोटाला उजवीकडून छोटी चीर द्यायची आणि मासा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये: बाजारातलं तयार फॉर्मेलिन एक भाग, पाणी नऊ भाग. चीर विसरली की आतडी सडतात, वरून मासा मात्र ठणठणीत दिसतो. आठवडाभराने पाण्यात धुऊन ७० टक्के इथेनॉल.

नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये सैल झाकणाच्या बाटल्यांची पातळी भराभर उतरते. पाण्याआधी अल्कोहोल उडतं, म्हणून नुसतं ७० टक्के ओतत राहिलात तर द्रावण हळूहळू पातळ होतं. हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या उपकरणाने, अल्कोहोलचं प्रमाण मोजूनच भर घाला. (इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, अर्ज उन्हाळ्याआधीच टाकलेला बरा.)

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीने. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. ‘नांदूर मधमेश्वर’ एवढंच लिहून भागत नाही. अक्षांश-रेखांश, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, नोंदवहीतला क्रमांक हवा. ते अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानगीचा क्रमांकही नोंदवहीत चढवा. बिनचिठ्ठीचा मासा कितीही देखणा असो, संशोधनाला शून्य.