दहा अंकी संख्या कागदावर फोडताना

४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात, अधिक एक. भाच्यानं व्हॉट्सॲपवर टाकून विचारलं, "मामा, ही मूळ संख्या आहे का? कॅल्क्युलेटर नाही हं!" मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. आकड्यांची सवय आहे, पण हिचं वर्गमूळच ६५,५३६ च्या पुढं. तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. प्रत्येकीनं भागायचं म्हटलं तर सोलापूरची गड्ड्याची जत्रा येऊन जाईल.

वाट फर्मानं दिली. सतराव्या शतकातल्या या फ्रेंच गृहस्थाला वाटायचं, ३, ५, १७, २५७, ६५,५३७ (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात, अधिक एक) या माळेतल्या पुढच्याही सगळ्या संख्या मूळच असणार. आमची ही सहावी. गंमत अशी, की त्याचाच एक सिद्धांत इथं त्याच्या अंगावर येतो. एखादी मूळ संख्या या आकड्याला भागत असेल, तर तिनं भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ (म्हणजे भाजकाहून एक कमी), आणि ६४ व्या घाताची १ यायला हवी. ६४ च्या आधी ती १ येतच नाही. फर्माचा सिद्धांत सांगतो, की मूळ संख्येहून एकनं लहान घाताचीही बाकी १ च येते, म्हणजे तो घात ६४ च्या पटीतलाच हवा. त्यामुळं ती मूळ संख्या ६४ च्या पाढ्यातल्या आकड्याहून एकनं मोठीच असते.

आता उमेदवार किती? ६५, १२९ अशा मूळ नसलेल्या संख्या वगळल्या की १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. मोठ्या संख्येला हात लावायचाही नाही. ६५,५३६ म्हणजे २ चा १६ वा घात, त्याचा वर्ग म्हणजे ३२ वा. म्हणून ६५,५३६ ची बाकी काढा, तिचा वर्ग करा, पुन्हा बाकी काढा, त्यात एक मिळवा. १९३ ला उरले १०९. २५७ ला २, तेही चुटकीसरशी. ४४९ ला ३२५, ५७७ ला २८८.

तेवढ्यात आमचे माग सांभाळणारे जॉबर काका चहा घेऊन आले. "काय, पगारपत्रक जुळंना व्हय?"

"काका, थांबा जरा."

६४१. ६५,५३६ ची बाकी १५४. तिचा वर्ग २३,७१६. एक मिळवला, २३,७१७. आणि ६४१ × ३७ = २३,७१७! उरलं शून्य. ऑयलर या स्विस गणितज्ञाला हेच १७३२ मध्ये सापडलं होतं. दुसरा अवयव ६७,००,४१७. त्याचं वर्गमूळ २,५८९ च्याही आत, त्यामुळं उरलेले थोडे उमेदवार तपासून तोही मूळ ठरला. हा भाग कंटाळवाणा, पण सोडता येत नाही.

काकांनी कागद उलटसुलट पाहिला. "मंजी फुटली. पण आता तिचं करायचं काय?"

भाच्यानं लगेच पुढची पाठवली, २ चा ६४ वा घात अधिक एक. तिचा लहान अवयव २,७४,१७७, म्हणजे २५६ च्या पाढ्यातल्या १,०७१ व्या पायरीहून एकनं मोठा. ती त्यानं आपल्या लॅपटॉपवर फोडावी.