बंदूक भीमेपलीकडे न्यायची म्हणजे

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, आता विजापूरला धाकट्या भाऊजींकडे कायमचे राहायला जाणार. गुडघे गेलेत, मंद्रूपच्या मळ्यात एकट्याने राहणं होत नाही. भांडी, गाद्या, देव, सगळ्याची वाटणी लागली. राहिली खाकी गवसणीतली एकनळी बारा बोअर. "तिला सोडून मी येत नसतो," मामांनी स्वच्छ सांगून टाकलं.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, टेम्पोत गाद्यांच्या मधी टाका की." रस्ता जवळचा, हे खरंच. मंद्रूपची माणसं सोलापूरला येतात तशीच विजापूरलाही जातात. पण टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडला की कर्नाटक. आणि राज्य राहू द्या बाजूला, बंदूक टेम्पोवाल्याच्या हवाली करताच येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बिनपरवान्याच्या माणसाने ती न्यायची तर परवानाधारक सोबत हवा किंवा त्याचं लेखी पत्र हवं, आणि कामही दुरुस्तीचं, परवान्याच्या नूतनीकरणाचं किंवा मालकाच्याच वापराचं हवं. गाद्यांबरोबर बंदूक यात कुठे बसते?

मग मी परवाना घेऊन बसले. दुमडून दुमडून घडीवर फाटायला आलेला. त्यात दोन गोष्टी बघायच्या: पत्ता आणि क्षेत्र. क्षेत्रापुढे 'महाराष्ट्र राज्य' एवढंच लिहिलेलं. म्हणजे पुलापलीकडे त्या परवान्याच्या जोरावर बंदूक बाळगता येत नाही. परवाना खिशात आहे म्हणजे देशभर फिरायला मोकळे, असं आमच्याकडे निम्म्या बंदूकवाल्यांना वाटतं. तेव्हा आधी जिल्हाधिकारी कार्यालयात क्षेत्र वाढवून मागायचं, ते झालं की मगच बंदूक हलवायची.

पुढचा नियम राहण्याचा. कायमचा मुक्काम हलवला, किंवा बंदूक घेऊन ३० दिवसांपेक्षा जास्त दुसरीकडे राहिलं, तर ३० दिवसांच्या आत दोन्हीकडे कळवायचं: परवाना दिला त्या कार्यालयाला आणि नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला. त्यांनी मागितलं की परवाना आणि बंदूक दोन्ही दाखवायची, मग नव्या पत्त्याची नोंद होते. मुक्काम कायमचा असेल तर पुढचं नूतनीकरणही तिकडेच.

गंमत म्हणजे मामा आमच्याकडे जुळे सोलापुरात आले असते तरी कळवावं लागलंच असतं. जिल्हा तोच, पण गावाकडचे परवाने जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि शहरातले पोलीस आयुक्तांकडे.

माझा भाचा टेक्सासातून कॅलिफोर्नियाला गेला, त्याला हे सांगितलं तर तो हसायला लागला. टेक्सासात घरी बंदूक ठेवायला परवानाच लागत नाही. पण कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर ६० दिवसांत बंदुकीची नोंद त्यालाही करावी लागली, आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन तिथे चालत नाहीत म्हणून ती मागेच ठेवावी लागली. पिस्तूल विकत घ्यायचं तर अमेरिकेत ते आपण राहतो त्याच राज्यातल्या दुकानदाराकडून घ्यावं लागतं, आणि 'राहतो' म्हणजे मुक्कामाच्या इराद्याने राहतो. मग मी म्हटलं, हसतोस कशाला?

मला आपला नियम पटतो. बंदूक कुठल्या घरात आहे हे तिथल्या पोलिसांना माहीत नको? मामांना मात्र तो अपमान वाटतो. इतकी वर्षं बाळगली, निवडणूक आली की सांगितल्याबरोबर ठाण्यात जमा केली, गड्ड्याच्या यात्रेत कधी नेली नाही (जत्रेत, मिरवणुकीत आणि शाळेच्या आवारात न्यायला मनाईच आहे), आणि आता कोण मला विचारणार, असं त्यांचं चाललेलं असतं.

दुसरी वाटही होती. परवानाधारकाची सत्तरी उलटली की शस्त्र वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो, वारसाला स्वतःचा परवाना मिळाला तर. मामा पंचाहत्तरीचे. पण आमचे हे म्हणाले, "मला झुरळ मारायचं होत नाही, बंदूक कुठं देताय?" मामांनी त्यावर नुसतं माझ्याकडे बघितलं.

तर क्षेत्रवाढीचा अर्ज गेलाय. परवानगी येण्याआधी विजापूरला जायची वेळ आली तर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, एवढ्यावर मामा तयार झालेत. काडतुसंही तिथेच. पावती मात्र स्वतःच्याच खिशात ठेवणार म्हणतात, भाऊजींकडे देणार नाहीत.