तुम्ही विचारलंत म्हणून: मिठातसुद्धा व्हायरस?

मी कोल्हापुरात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. मिठात वाढणाऱ्या जिवांच्या व्हायरसांबद्दल बोलायला लागले की हमखास कुणीतरी विचारतं, "मिठात काही जगत नाही म्हणून तर लोणचं टिकतंय की ओ! मग हे कुठनं आले?"

लोणच्यात आंबट असतं, तेल असतं, ते या मिठात वाढणाऱ्या जिवांना मानवत नाही. पण खारवलेल्या कातड्यावर, माशावर कधी लालसर डाग पडतात ना, ते यांचेच. चपलांच्या गावात एवढं सांगितलं की पुरतं. यांतला एक हॅलोबॅक्टेरियम. नावात बॅक्टेरिया असला तरी हा आर्किया, म्हणजे दिसायला बॅक्टेरियासारखा पण वेगळ्याच गटातला एकपेशी जीव. लिटरला अडीचशे ग्रॅम मीठ घाला, खुशीत वाढतो. तो वाढवायच्या प्लेटा मात्र पिशवीत गुंडाळून ठेवाव्या लागतात, नाहीतर त्यांतलं आगर (जेलीसारखं खाद्य) सुकून वर मिठाचे खडे धरतात.

याचा व्हायरस १९७४ सालीच नोंदला गेला. आर्किया हा वेगळाच गट आहे हे अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वूस यांनी दाखवलं त्यानंतर, १९७७ साली! माझा लाडका मात्र याचाच दुसरा एक व्हायरस, फाय-एच. म्युनिकजवळच्या वोल्फ्राम झिलिग यांच्या गटानं तो १९८२ साली जगापुढे आणला.

हा आत शिरला की दरवेळी पेशी फोडतोच असं नाही. कधीकधी डीएनएचं कडं करून मुकाट पडून राहतो. का, ते बघण्यासारखं आहे. पेशीची जीन वाचायची यंत्रणा आपल्या पेशींसारखी: टाटा बॉक्स ही जीनच्या आधीची डीएनएवरची खूण, त्यावर बसणारं टीबीपी प्रथिन, मागोमाग जीनची आरएनए नक्कल काढणारं आरएनए पॉलिमरेज. व्हायरसचं रिप्रेसर, म्हणजे जीन बंद ठेवणारं प्रथिन मात्र बॅक्टेरियाच्या व्हायरसांच्या वळणाचं! ते व्हायरसच्या आधी चालू होणाऱ्या जीनच्या प्रमोटरपाशी, म्हणजे वाचन सुरू व्हायच्या जागेपाशी, डीएनएला चिकटतं आणि वाचन तिथंच अडतं. बाहेरून दुसरा फाय-एच घुसला तरी त्याचीही तीच गत. यंत्रणा एका घराण्याची, खीळ दुसऱ्या घराण्याची, आणि दोन्ही बिनतक्रार जमतात. पेशी फुटण्यापेक्षा मला हे जास्त भारी वाटतं. पोरांना उलटं वाटतं, ते असो.

एवढ्यावर भागत नाही. याच व्हायरसात डीएनएच्या उलट्या बाजूवरूनही एक छोटा आरएनए तयार होतो. व्हायरसच्या जीनवरून निघालेल्या एका आरएनए संदेशाच्या सुरुवातीच्या तुकड्याशी तो जुळतो आणि जुळलेला भाग कापला जातो. हे १९९३ साली छापून आलं, जीन बंद करायला आरएनए वापरायची चर्चा घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी.