फर्नचं खरं नाव

अमेरिकेत, विशेषतः पश्चिम किनाऱ्याकडच्या अनेक उन्हाळी कॅम्पांवर, काउन्सेलर, म्हणजे मुलांची देखरेख करणारे ताई-दादा, मुलांना आपलं खरं नाव सांगत नाहीत; कॅम्पपुरतं टोपणनाव घेतात. कुणी मूस, कुणी पाइनकोन. मी ऑटर, म्हणजे पाणमांजर, होते. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या जे-१ व्हिसावर उन्हाळ्यापुरती कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडाच्या डोंगरातल्या मुलींच्या एका कॅम्पवर कामाला गेले होते. निसर्गातलं कुठलंही नाव घ्या, पण मूळ अमेरिकी जमातींच्या नावांची नक्कल नको, असं संचालिकाबाईंनी प्रशिक्षणातच बजावलं. त्यामागे इतिहास आहे. कॅम्प फायर गर्ल्स ही संघटना १९१० मध्ये उभी राहिली, तेव्हा तिच्या सहसंस्थापक शार्लट गुलिक स्वतः ‘हिइतेनी’ हे नाव लावत आणि मुलीही तशाच धाटणीची नावं घेत. गर्ल स्काउट्सच्या संस्थापक ज्युलिएट गॉर्डन लो यांना सगळे डेझी म्हणत, पण ते आपल्याकडच्या बेबीताईसारखं लहानपणापासूनचं घरचं नाव.

मला ही प्रथा मनापासून आवडली. मुलींच्या समोर ‘मिस अमुकतमुक’ उभी नसते, त्यामुळे त्या लवकर मोकळ्या होतात. शिवाय घरी गेल्यावर त्या आम्हाला इंटरनेटवर शोधत बसत नाहीत. आणि आठवडाभराचा खेळ मिळतो तो वेगळाच: काउन्सेलरचं खरं नाव ओळखा. शेवटच्या रात्री शेकोटीपाशी बरोबर उत्तर देणारीला टाळ्या.

ऑगस्टमध्ये तिकडे गांधीलमाश्या जेवणावर तुटून पडतात. आम्ही मुलींना घेऊन कड्यावर डबे खात होतो, तेव्हा माझ्या जोडीची काउन्सेलर फर्न हिच्या मानेला एक चावली. बघता बघता अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा होत बंदच झाला. प्रथमोपचाराच्या पिशवीतलं एपिपेन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं तयार इंजेक्शन, मी तिच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबलं आणि तिला आडवं केलं. वॉकीटॉकी खालच्या ऑफिसला पोचत नव्हता. कड्याच्या टोकाशी मोबाइलला रेंज होती, तिथून ९११ हा आपत्कालीन नंबर लागला. पलीकडच्या बाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. श्वास चालू आहे का? शुद्ध आहे का? आणखी कशाची ॲलर्जी? रोजची औषधं?

पिशवीत सगळ्यांचे वैद्यकीय फॉर्म होते, कर्मचाऱ्यांचेसुद्धा. पण ते खऱ्या नावांनी. फर्नबरोबर मी एका तंबूत झोपत होते, एका बादलीत कपडे धूत होते, तरी तिचं नाव मला माहीत नव्हतं. कॅम्पवर कुणी ते उच्चारतच नाही. फॉर्मवर फोटो नव्हता, आणि वयं तर बहुतेकींची सारखीच.

एवढ्यात दहा वर्षांची एक मुलगी माझ्या बाहीला धरून कानाशी आली आणि फर्नचं पूर्ण नाव, आडनावासकट, तिनं मला सांगितलं. “तिच्या रेनकोटच्या आत लिहिलंय. मला मंगळवारपासून माहीत आहे.”

फॉर्म निघाला. दमा, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी. दोन्ही मी फोनवर सांगितलं. तोवर औषधानं काम सुरू केलं होतं, तिचा श्वास जरा मोकळा झाला. अशी रिॲक्शन काही तासांनी पुन्हा उलटू शकते, म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात जावंच लागतं. रस्त्यापर्यंत तिला उचलूनच आणलं, तिथे ॲम्ब्युलन्स उभी होती.

दुसऱ्या दिवशी फर्न परत आली. शेवटच्या शेकोटीला मुली तऱ्हेतऱ्हेची नावं ओरडत होत्या, आणि ती मुलगी त्यांच्यात बसून मुद्दाम चुकीची नावं सांगत होती. तुला तर येत होतं, असं मी नंतर तिला म्हटलं. “ते ओळखलेलं नाही ना,” ती म्हणाली, “वाचलेलं आहे.”

संचालिकाबाईंनी त्याच आठवड्यात प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात कॅम्पचं नाव लिहून घेतलं. माझ्या फॉर्मवर ‘ऑटर’ फर्ननंच लिहिलं.